कॅमेरा चालू आहे का?



आज मी घरावर लावलेल्या कॅमेऱ्याविषयी बोलणार आहे. कविता लिहिणाऱ्या, बी. ए.ला मराठी घेतलेल्या माणसानं हा विषय का निवडावा, असं तुम्हाला वाटेल. कारण एवढंच, की या कॅमेऱ्यानं मला एक धडा शिकवला आणि त्या धड्याची फी माझ्याऐवजी एका गरीब पोरानं भरली.

आमचं कोडोली हे पन्हाळा तालुक्यातलं मोठं गाव. वारणानगर शेजारीच. एका अंगाला जोतिबाचा डोंगर आणि पन्हाळा, दुसऱ्या अंगाला वारणा नदी. नदी ओलांडली की सांगली जिल्हा सुरू होतो. माझ्या लहानपणी गावात घराची राखण करायला यंत्र नव्हतं. दाराला कडी होती, कडीला कोयंडा होता आणि ओसरीवर खाट टाकून बसलेलं एखादं म्हातारं माणूस होतं. दारावरून कुणी अनोळखी गेलं, की खाटेवरून आवाज यायचा, "कोन रं त्यो?" त्या तीन शब्दांत अर्धी राखण व्हायची. पुढं खाटा गेल्या, ओसऱ्या गेल्या, म्हातारी माणसं आत टीव्हीसमोर जाऊन बसली आणि पोरं नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेली. खाटेची ती रिकामी जागा भिंतीवरच्या कॅमेऱ्यानं घेतली.

मीही चार कॅमेरे बसवून घेतले. एक फाटकावर, एक पुढच्या दारावर, एक मागच्या दारावर आणि एक गच्चीच्या जिन्याकडे. बसवणाऱ्यानं टीव्हीला वायर जोडून दिली. पडद्याचे चार चौकोन झाले आणि चारी बाजू दिसायला लागल्या. पहिले आठ दिवस आम्ही सगळे मालिका सोडून आपलंच घर बघत बसलो. नंतर सवय झाली, तसं बघणंही थांबलं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी बायको महिला बचत गटाचा हिशेब बघते. एका शनिवारी गटाचे १८,४०० रुपये घरी होते, सोमवारी बँकेत भरायचे होते. रविवारी पाण्याची टाकी धुवायला गल्लीतला एक पोरगा आला. वय सतरा-अठरा. मागच्या अंगणातून आला, बाहेरच्या जिन्यानं गच्चीवर गेला, टाकी धुतली, पैसे घेतले आणि गेला. सोमवारी सकाळी कपाट उघडलं तर पैशांची पिशवी नाही.

घर पालथं घातलं. मग कुणीतरी म्हणालं, "काल तो पोरगा आला होता." एवढं वाक्य पुरतं. संशयाला कुणी बोलवावं लागत नाही, तो दार ढकलून आत येतो. मी म्हटलं, कुणाचं नाव घ्यायचं नाही, आपल्याकडे कॅमेरा आहे. मागच्या दारावरच कॅमेरा आहे. तो पोरगा आत आला असेल तर दिसेल, आला नसेल तर तेही दिसेल. हे बोलताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

पडद्यावर चारही चौकोन स्वच्छ दिसत होते. रविवारची तारीख टाकली. काही नाही. शनिवारची टाकली. काही नाही. मागं मागं जात राहिलो, तेव्हा कळलं की शेवटचं चित्रण तीन महिन्यांपूर्वीचं आहे. चित्रण साठवणारी हार्ड डिस्क बंद पडली होती. डबा चालू होता, दिवा लुकलुकत होता, टीव्हीवर चित्र येत होतं, पण साठत काहीच नव्हतं. तीन महिने आमचा कॅमेरा फक्त बघत होता, त्याच्या लक्षात काही राहत नव्हतं.

आम्ही त्या पोराला चोर म्हटलं नाही. त्याला बोलावून दोनदा विचारलं, "तू आत आला होतास का रे?" तो म्हणाला, "न्हाई चाचा. आत पाऊल बी टाकलं न्हाई." दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा त्याचा चेहरा उतरला. त्यानंतर तो आमच्याकडे आला नाही. पुढं कळलं, की इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला गेला. गल्लीत कुणी उघड काही बोललं नाही, पण टाकी धुवायला लोक दुसऱ्याला बोलवायला लागले.

पाच महिन्यांनी घराला रंग द्यायला काढला. माळ्यावरचं सामान खाली घेताना गटाच्या जुन्या वह्यांच्या गाठोड्यात ती पिशवी निघाली. शनिवारी हिशेब करून वह्या बांधताना बायकोनंच ती वह्यांबरोबर बांधली होती. १८,४०० रुपये, एक नोट कमी नाही.

मी त्याच दिवशी त्या पोराच्या घरी गेलो. तो नव्हता, त्याची आई होती. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. तिनं मला चहा दिला. जाताना एवढंच म्हणाली, "भाऊ, पोरगं कुनाला काय बोललं न्हाई. पर तवापास्नं कुनाच्या बी घरी गेलं तर उंबऱ्याभाईर हुबं ऱ्हातंय. आत या म्हटलं तरी जात न्हाई."

श्रोतेहो, त्या दिवसापासून मी या यंत्राकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. कॅमेरा चोर पकडण्यासाठी असतो, असं आपण समजतो. पण चोर रोज येत नाही. रोज येतात ती आपली माणसं: दूधवाला, पेपर टाकणारा, धुणंभांड्याच्या मावशी, गवंडी, वायरमन. त्यांच्यावर कधी नाहक बालंट आलं, तर ते दूर करायला साक्षीदार लागतो. कॅमेरा हा दोन्ही बाजूंचा साक्षीदार आहे. पण साक्षीदार जागा हवा, त्याची नजर साफ हवी, त्याचं घड्याळ बरोबर हवं आणि त्याला आठवण हवी. या चार गोष्टी कशा सांभाळायच्या, ते मी नंतर जाणकारांना विचारून शिकलो. तेच आज सांगतो.

आधी आठवणीविषयी. टीव्हीवर चित्र दिसणं आणि ते साठणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महिन्यातून एकदा, समजा पहिल्या रविवारी, कालच्या रात्रीचं चित्रण लावून बघा. पाच मिनिटं लागतात. मी ती पाच मिनिटं दिली असती, तर एक घर दुखावलं नसतं. दुसरं म्हणजे, साठवणूक किती दिवसांची आहे ते विचारून घ्या. डिस्क भरली की यंत्र जुनं पुसून त्यावर नवं लिहितं. आपल्याकडे बहुतेक घरांत चार कॅमेरे आणि एक टेराबाइटची डिस्क असते. दोन मेगापिक्सेलचे चार कॅमेरे जुन्या पद्धतीनं, म्हणजे एच. २६४ या मांडणीत चोवीस तास चित्रण करत असतील, तर दिवसाला साधारण १७० गिगाबाइट जागा खातात. म्हणजे सहाव्या दिवशी पहिला दिवस पुसला गेला. माणसं लग्नकार्याला, तीर्थयात्रेला, लेकीकडे पंधरा-पंधरा दिवस जातात. परत येऊन बघतात, तर कुलूप तुटलेलं आणि चित्रण पुसलेलं.

यावर उपाय आहेत आणि पुष्कळसे फुकटचे आहेत. यंत्रात एच. २६५ ही नवी मांडणी असेल तर ती निवडा. जागा जवळपास निम्मी लागते आणि दिवस दुप्पट होतात. गच्चीच्या कॅमेऱ्याला सतत चित्रण करायला लावू नका, हालचाल झाली तरच करायला सांगा. दारावरचा कॅमेरा मात्र सतत चालू ठेवा. डिस्क बदलायची वेळ आली, तर संगणकाची साधी डिस्क न घेता अशा चोवीस तासांच्या कामासाठी बनवलेली घ्या. साधी डिस्क या राबणुकीत लवकर दमते. माझी तशीच दमली होती.

आता नजरेविषयी. कॅमेरा उंच लावला की सगळं दिसतं, अशी समजूत आहे. उंचावरून अंगण दिसतं, पण आलेल्या माणसाचं डोकं तेवढं दिसतं. टोपी किंवा हेल्मेट असलं, तर तेही नाही. फाटकाचा एक कॅमेरा तरी आठ-नऊ फुटांवर, येणाऱ्याचा चेहरा दिसेल असा हवा. एक साधी परीक्षा करा. रात्री दहा वाजता घरातल्याच एकाला फाटकातून आत चालत यायला सांगा आणि मग ते चित्रण बघा. ज्या माणसाला तुम्ही रोज बघता, त्याचा चेहरा ओळखता येत नसेल, तर अनोळख्याचा काय ओळखणार?

रात्री हे कॅमेरे अवरक्त किरण सोडून बघतात. ते आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. कोळ्यानं काचेवर जाळं विणलं, की तेच किरण जाळ्यावर आपटून सगळं चित्र पांढरं होतं. जवळ पांढरी भिंत किंवा पत्र्याची वळचण असली, तरी तसंच होतं. आमच्या भागात आणखी एक गोष्ट आहे. हंगामात गुऱ्हाळांचा धूर असतो आणि उसाच्या ट्रॉल्यांनी उडवलेली धूळ असते. पावसाळ्यात डोंगराकडून येणारा पाऊस आडवा मारतो. हे सगळं त्या काचेवर बसतं. मऊ ओलसर फडक्यानं महिन्यातून एकदा काच पुसली, की नवा कॅमेरा घेतल्यासारखं चित्र दिसतं. आपण चष्मा दिवसातून चार वेळा पुसतो, कॅमेरा चार वर्षांत एकदाही नाही.

मोबाइलवर येणाऱ्या इशाऱ्यांचंही तसंच. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की फोन वाजतो, कुत्रं गेलं की वाजतो, पपईचं पान हललं की वाजतो. दोन दिवसांत माणूस वैतागतो आणि इशारे बंद करून टाकतो. मग खरोखर कुणी आलं, तरी फोन गप्प राहतो. बहुतेक कॅमेऱ्यांत चित्रातला हवा तेवढाच भाग आखून देता येतो. रस्ता वगळा, फाटकाच्या आतली जागा ठेवा आणि रात्री अकरा ते पहाटे पाच एवढ्याच वेळेत इशारा मागा. दिवसातून चाळीस वेळा ओरडणाऱ्या राखणदारापेक्षा महिन्यातून एकदा ओरडणारा बरा.

वीज गेली की काय होतं, तेही एकदा बघून ठेवा. पुष्कळांच्या घरी इन्व्हर्टर असतो, त्यावर पंखे आणि दिवे चालतात, पण कॅमेऱ्याचा डबा आणि इंटरनेटचं यंत्र नेमकं साध्या सॉकेटवर असतं. अंधारात घर उजळलेलं आणि कॅमेरा आंधळा. आणि तो डबा टीव्हीखाली उघड्यावर ठेवू नका. पुष्कळ चोर जाताना तोच उचलून नेतात. हवा खेळेल अशा कुलूपबंद जागी ठेवा. आमच्या जिल्ह्यानं २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले आहेत. नदीकाठच्या घरांनी तो वरच्या मजल्यावर ठेवलेला बरा.

तिसरी गोष्ट घड्याळाची. चित्राच्या कोपऱ्यात तारीख-वेळ उमटते, तिच्याकडे आपण बघत नाही. डब्याच्या आत मनगटी घड्याळात असतो तसला एक छोटा सेल असतो. तो संपला आणि वीज गेली, की यंत्र भलतीच तारीख दाखवतं. कधी घड्याळ वीस मिनिटं पुढं असतं, कधी चाळीस मागं. वीस मिनिटांनी काय बिघडतं? पुष्कळ बिघडतं. दुपारी दोनला येऊन गेलेला माणूस चोरीच्या वेळी तिथं होता, असं दिसू शकतं.

वेळेचं आणि चित्रणाचं महत्त्व किती असतं, याचं आपल्या राज्यातलं उदाहरण सांगतो. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत दुपारी तीनपर्यंत होती. निवडून आलेल्या उमेदवारांचा अर्ज तीननंतर दाखल झाला, अशी तक्रार पराभूत उमेदवारांनी उच्च न्यायालयात केली. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयाच्या आत-बाहेर जे चित्रण झालं होतं, ते या खटल्यातला मोठा पुरावा ठरलं. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं ती निवड रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 'अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल' या नावानं १४ जुलै २०२० रोजी लागलेला तो निकाल आज देशभर दाखवला जातो. मूळ यंत्र न्यायालयात न आणता चित्रणाची नक्कल दाखल करायची असेल, तर सोबत कायद्यानं ठरवलेलं प्रमाणपत्र हवं, असं त्यात स्पष्ट केलं आहे. तेव्हा ते जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब खाली होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि आता त्याचं कलम ६३ पाहायचं.

सामान्य माणसानं यातून काय घ्यायचं? काही घडलं, तर टीव्हीवरच्या चित्राचा मोबाइलनं व्हिडिओ काढून व्हॉट्सअॅपवर पाठवत बसू नका. पोलिसांना कळवा. चित्रण पुसलं जाण्याआधी यंत्रातूनच पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. यंत्राचं घड्याळ आणि खरी वेळ यांत किती फरक आहे, तो कागदावर लिहून ठेवा. डब्याला हात लावू नका, डिस्क पुसू नका. प्रमाणपत्र कसं द्यायचं, ते तपास अधिकारी आणि वकील सांगतील. आणि गावाच्या ग्रुपवर कुणाचा फोटो 'हाच तो चोर' म्हणून टाकू नका. माझ्याकडे त्या रविवारचं चित्रण असतं, त्यात तो पोरगा अंगणात उभा असलेला दिसला असता आणि मी तेवढंच पाठवलं असतं, तर पिशवी सापडल्यावर मी ते कुणाकुणाच्या फोनमधून परत घेणार होतो?

आता एका वेगळ्याच धोक्याविषयी. घर राखायला लावलेला डोळा दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो. यंत्राबरोबर कारखान्यातून जो पासवर्ड येतो, तोच आपण चालू ठेवतो, किंवा १२३४५६ असं काहीतरी ठेवतो. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रामनं जगभरातले असे लाखो कॅमेरे आणि डबे ताब्यात घेतले होते. साठेक नेहमीचे पासवर्ड एकामागून एक लावून बघायचे, एवढीच त्याची युक्ती. त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरला त्या फौजेनं केलेल्या हल्ल्यानं अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. कुणाच्या तरी दुकानावरचा, कुणाच्या तरी ओसरीवरचा कॅमेरा त्यात राबत होता आणि मालकाला पत्ता नव्हता.

हे लांबचं झालं. जवळचं सांगतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण इंटरनेटवर विकलं जात असल्याचं उघड झालं. तपासणीसाठी आलेल्या बायाबापड्यांचं चित्रण. पासवर्ड अगदी सोपा होता. पकडलेल्या संशयितांत आपल्या लातूर आणि सांगलीकडचेही तरुण होते. म्हणजे ही बातमी आमच्या नदीच्या पलीकडं येऊन पोहोचली होती. पासवर्ड बदला, लांब ठेवा आणि तो बसवणाऱ्या कारागिराच्या वहीत राहू देऊ नका. घरच्यांना फक्त बघण्यापुरती वेगळी परवानगी देता येते, ती द्या. यंत्राची सुधारित प्रणाली आली की ती घालून घ्या. नवा कॅमेरा घेताना तो सरकारी सुरक्षा चाचणीत उतरला आहे का, ते विचारा. केंद्र सरकारनं त्याचे नियम एप्रिल २०२४ मध्ये काढले आणि पुढच्या वर्षी लागू केले. आणि माझं सगळ्यांना हात जोडून सांगणं आहे, झोपायच्या खोलीत, न्हाणीच्या बाजूला कॅमेरा लावूच नका. जे साठवलंच नाही, ते चोरीला जात नाही.

शेजाऱ्यांचाही विचार करायला हवा. गावातली घरं एकमेकांना खेटून असतात. आपल्या कॅमेऱ्यात शेजारच्यांचं परसू, नळावरच्या बायका, वाळत घातलेले कपडे येतात. बहुतेक यंत्रांत चित्राचा नको तो भाग काळ्या पट्टीनं कायमचा झाकायची सोय असते. ती वापरा आणि शेजाऱ्यांना बोलावून पडद्यावर दाखवा. माझ्या शेजारच्या वहिनी ते बघून म्हणाल्या, "बरं झालं दाखवलंत. दोन वर्षं मी त्या बाजूला केस वाळवायला बसले नाही." दोन वर्षं! आणि मी समजत होतो, की माझ्या कॅमेऱ्यानं त्यांचीही राखण होते आहे.

कायदाही आता या बाबतीत जागा आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं. कोलकात्यात एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांचा वाद झाला. एकानं राहत्या भागात दुसऱ्याच्या संमतीविना कॅमेरे लावले होते. उच्च न्यायालयानं ते चालणार नाही म्हटलं आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्यात बदल केला नाही. आपल्याकडे वाटणीवरून भांडणारे भाऊ आणि मधल्या भिंतीवर रोखलेला कॅमेरा हे चित्र काही दुर्मीळ नाही.

इतक्या सूचना ऐकून कुणी म्हणेल, मग हा उपद्व्याप हवा कशाला? हवा. त्याचे उपयोग चोरीपुरते नाहीत. आमच्या गावातल्या एका शेतकऱ्यानं गोठ्यात कॅमेरा लावला आहे. गाय व्यायला झाली, की पूर्वी तो कंदील घेऊन रात्रभर फेऱ्या मारायचा. आता उशाला फोन ठेवून झोपतो. गाय अस्वस्थ होऊन उठबस करायला लागली, की उठून जातो. गेल्या पावसाळ्यात वासरू आडवं आलं होतं. वेळेवर डॉक्टर आले आणि दोघंही वाचली. माझी अम्मी वरचेवर तोल जाऊन पडायची. तिला विचारून ओसरीच्या पायरीवर एक कॅमेरा वळवला. 'विचारून' हा शब्द मी मुद्दाम वापरला. ती म्हणाली, "लाव. पण मी नमाज पढते ती खोली सोड." आम्ही सोडली.

या यंत्राचा जन्मही असाच एका घरगुती गरजेतून झाला आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन नावाची एक कृष्णवर्णीय परिचारिका राहायची. तिच्या आणि नवऱ्याच्या कामाच्या वेळा जुळायच्या नाहीत. घरी एकटी असताना दारावर कोण आलं, या भीतीत रात्र जायची. हाक मारली तरी पोलीस लवकर यायचे नाहीत. नवरा इलेक्ट्रॉनिक्सचा कारागीर. दोघांनी मिळून १९६६ मध्ये एका यंत्रणेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि डिसेंबर १९६९ मध्ये त्यांना ते मिळालं. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं, त्यांमागं वर-खाली सरकणारा कॅमेरा आणि आतल्या खोलीत पडदा. बाहेरच्या माणसाशी आतूनच बोलायची सोयही त्यात होती. ओळखीचं असेल तर दूरवरून दार उघडता यायचं, नसेल तर बटण दाबून मदत बोलावता यायची.

त्यातलं बोलणं मला फार मोलाचं वाटतं. आमच्या ओसरीवरच्या म्हाताऱ्याचं "कोन रं त्यो?" मेरीबाईंच्या यंत्रात होतं. आजच्या पुष्कळ कॅमेऱ्यांतही ते आहे. छोटा माइक आणि स्पीकर बसवलेलाच असतो, आपण तो वापरत नाही. शेतात असताना फोनवरून विचारता येतं, "कोण पाहिजे?" चोराला तेवढं पुरतं. पाहुणा असेल, तर त्याला "बसा, आलोच" म्हणता येतं.

तरीही एक गोष्ट राहतेच. कॅमेरा पळत जाऊन कुणाला धरत नाही. त्यानं इशारा दिला, की उठायचं माणसालाच. गल्लीतल्या चार घरांचे नंबर एकमेकांकडे असू द्यात, ११२ हा नंबर लहान मुलांनाही पाठ असू द्यात. आमच्या वारणेच्या खोऱ्यात १९९८ मध्ये सत्तर गावांना संगणकानं जोडणारा 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प आला. देशात नाव झालं. तेव्हापासून यंत्रं आम्हाला नवी नाहीत. पण यंत्र आणलं आणि विसरून गेलो, तर ते भिंतीवरचा शोभेचा खिळा होऊन बसतं, हे मी माझ्याच घरात पाहिलं.

शेवटी त्या पोराचं सांगतो. दोन वर्षांनी तो इचलकरंजीहून परत आला. मी पुन्हा त्याच्या घरी गेलो. सगळ्या गल्लीसमोर सांगितलं, की चूक आमची होती. आणि म्हटलं, टाकी धुवायला ये. तो लगेच हो म्हणाला नाही. चार दिवसांनी आला.

फाटकाशी थांबला. वर कॅमेऱ्याकडे बघितलं. मला म्हणाला, "चाचा, चालू हाय न्हवं?"

म्हटलं, "चालू आहे. सकाळीच बघितलं."

मग तो आत आला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)